पास्ता आणि सॉस मिळून यावेत म्हणून

आमटी चांगली जमली की ती 'मिळून आली' असे आपण म्हणतो, आणि डाळ तळाशी व पाणी वर अशी राहिली तर नाक मुरडतो. पास्ताच्या बाबतीत मात्र हाच दोष आपण सहज खपवून घेतो. पास्ता एका पातेल्यात उकडला जातो, सॉस शेजारच्या शेगडीवर तयार होतो, आणि मग पांढऱ्या पास्तावर लाल सॉसचा ढीग ओतून बशी समोर येते. चार घास होईपर्यंत बशीच्या कडेने पाणी सुटलेले असते, सॉस खाली उतरलेला असतो आणि वरचा पास्ता अळणी लागतो. चूक बहुधा सॉसच्या कृतीत नसते. पास्ता आणि सॉस एकमेकांना भेटतच नाहीत, ही चूक असते.

इटालियन स्वयंपाकात या भेटीला वेगळा टप्पा मानतात आणि त्याला 'मान्तेकातुरा' असे नाव आहे, म्हणजे लोण्यासारखे मऊ आणि एकजीव करणे. पास्ताची शेवटची दोन मिनिटे पातेल्यात न जाता सॉसच्या कढईत, त्याच्याच उकळलेल्या पाण्याच्या सोबतीने जातात. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या दोन मिनिटांची तयारी म्हणून वाचावे.

पाकीट विकत घेताना

साधा सुका पास्ता म्हणजे ड्युरम जातीच्या गव्हाचा रवा आणि पाणी. याखेरीज त्यात काही असण्याचे कारण नाही. हा गहू कडक, पिवळसर आणि प्रथिनांनी भरलेला असतो. आपल्याकडे बन्सी किंवा बक्षी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा. इटलीने १९६७ साली कायदा करून तिथे तयार होणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असे बंधन घातले. त्याला परंपरेच्या अभिमानापलीकडचे व्यावहारिक कारण आहे. या गव्हातील प्रथिनांची जाळी घट्ट असते, आणि उकळत्या पाण्यात पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, फुगू लागला तरी तो या जाळीत अडकून राहतो. मैद्याच्या स्वस्त पास्तात ही जाळी दुबळी असते, म्हणून तो बाहेरून गिळगिळीत होतो आणि आतून शिजेपर्यंत त्याचा लगदा होऊ लागतो. तेव्हा पाकिटावर घटक पदार्थांच्या यादीत ड्युरम गव्हाचा रवा लिहिला आहे ना, आणि १०० ग्रॅममागे १२ ते १४ ग्रॅम प्रथिने आहेत ना, एवढे पाहावे.

पाकीट पारदर्शक असेल तर आणखी एक गोष्ट डोळ्यांना कळते. काही पास्ता गडद पिवळा, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, तर काही फिकट, खरखरीत आणि वर पीठ भुरभुरल्यासारखा. दुसऱ्या प्रकारचा पास्ता बहुधा कांस्याच्या साच्यातून दाबून काढलेला आणि कमी तापमानावर सावकाश वाळवलेला असतो. त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला सॉस धरतो आणि त्याच्या पाण्यात स्टार्चही अधिक उतरते. नेपल्सजवळचे ग्रान्यानो हे गाव अशा पास्तासाठी प्रसिद्ध आहे आणि २०१३ पासून तिथल्या पास्ताला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. असा पास्ता बराच महाग पडतो. पहिल्या पाच-सहा प्रयत्नांसाठी त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे; साधा ड्युरमचा स्पॅगेटी (लांब तारा) किंवा पेन्ने (आखूड नळ्या) शिकण्यासाठी पुरेसा आहे.

माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता धरावा. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे कोरड्या मुठीकडे पाहून वाटते तितका तो कमी नसतो.

पाणी, मीठ आणि तेलाची बाटली

इटलीतील घराघरांत पाठ असलेले प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम पास्ताला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. आपले बारीक मीठ असेल तर १० ग्रॅम म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, किंबहुना त्याहून किंचित कमी. पाणी समुद्रासारखे खारट असावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, आणि तशा पाण्यात शिजवलेला पास्ता कोणालाही खाववणार नाही. चांगल्या आमटीइतके किंवा त्याहून जरासे अधिक खारट, ही खूण ध्यानात ठेवावी. मिठाने पाणी लवकर उकळते किंवा खूप जास्त तापते असेही नाही. एवढ्या मिठाने उत्कलनबिंदू अंशाच्या पाचव्या भागानेही वाढत नाही. मीठ केवळ चवीसाठी असते, पण ते याच वेळी घालावे लागते, कारण पास्ता पाणी पिताना त्याबरोबर मीठही आत घेतो. नंतर सॉसमध्ये कितीही मीठ वाढवले तरी पास्ताचा गाभा अळणीच राहतो.

लिटरभर पाण्याचा नियम मोठ्या पातेल्यांच्या आणि मोठ्या शेगड्यांच्या घरातला आहे. मी स्वतः १०० ग्रॅमला पाऊण लिटरच पाणी घेतो, आणि मीठही त्याच हिशेबाने कमी घालतो. त्याने गॅस वाचतो, आणि पाणी कमी असल्यामुळे त्यात उतरलेले स्टार्च दाट राहते, जे आपल्याला पुढे हवेच आहे. मात्र कमी पाण्यात पास्ता एकमेकांना चिकटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून सुरुवातीची दोन मिनिटे चमचा हातातून ठेवू नये.

पाण्यात तेल घालू नये. तेल पाण्यावर तरंगते, बुडालेल्या पास्तापर्यंत ते पोहोचतच नाही, त्यामुळे चिकटण्याला त्याने आळा बसत नाही. पास्ता उपसताना मात्र ते त्याच्या अंगाला माखते, आणि मग ज्या खडबडीत पृष्ठभागावर सॉस बसायचा तो निसरडा होतो. याच कारणाने शिजलेला पास्ता थंड पाण्याखाली धुवायचाही नाही. धुतल्याने वरचे स्टार्च वाहून जाते. थंड सॅलड करायचे असेल तरच पास्ता धुवावा.

पातेल्यातली मिनिटे

पाणी खळखळून उकळू लागल्यावर मीठ घालावे, ते विरघळले की सगळा पास्ता एकदम सोडावा आणि लगेच तळापासून ढवळावे. स्पॅगेटी पातेल्यापेक्षा लांब असतो म्हणून तो मोडू नये. टोके पाण्यात गेली की अर्ध्या मिनिटात ती मऊ पडतात आणि चमच्याने हलके दाबले की उरलेला भाग आपोआप वाकून आत जातो. पहिल्या एक-दोन मिनिटांत पास्ताच्या बाहेरचे स्टार्च फुगून चिकट होते, पण अजून पाण्यात विखुरलेले नसते. दोन नळ्या एकमेकांना टेकून राहिल्या तर त्या याच काळात जोडल्या जातात. हा काळ ढवळण्यात गेला की नंतर अधूनमधून एखादा फेर पुरतो. पाणी पुन्हा उकळले की आच मध्यम करावी. उकळी मोडू देऊ नये, पण पातेले उतू जाईल इतकी जोरातही नको.

पाकिटावरची वेळ हा अंदाज असतो. उंचीप्रमाणे पाणी कमी तापमानाला उकळते. पुण्यात ते साधारण ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरी त्याहूनही खाली. तेव्हा घड्याळ लावावे ते चव घेण्याची आठवण म्हणून. लिहिलेल्या वेळेच्या तीन मिनिटे आधी एक नळी बाहेर काढून चावून पाहावी.

इथे मराठी हाताला एक सवय मोडावी लागते. शितावरून भाताची परीक्षा आपण दोन बोटांत शीत दाबून करतो आणि बोटचेपा भात ही आपल्याकडे शाबासकी आहे. पास्ता बोटचेपा झाला तर तो बिघडला. त्याची परीक्षा दाताने करायची असते, आणि 'आल देन्ते' या प्रसिद्ध शब्दांचा अर्थही 'दाताला जाणवेल असा' एवढाच आहे. चावलेल्या टोकाकडे पाहिले तर मधोमध पांढरट ठिपका दिसतो. तो कोरड्या रव्याचा, न शिजलेला भाग. इटलीत त्याला 'आनिमा', म्हणजे आत्मा, म्हणतात. ठिपका ठळक असेल तर पास्ता कच्चा आहे. तो टाचणीच्या टोकाएवढा उरला आणि दाताला किंचित विरोध जाणवला, की पास्ता कढईत जायला तयार झाला. पाकिटावर १० मिनिटे लिहिली असतील तर ही अवस्था साधारण आठव्या मिनिटाला येते. उरलेले शिजणे सॉसमध्ये व्हायचे आहे, आणि हीच त्यातली गंमत आहे: अर्धवट तहानलेला पास्ता शेवटचे पाणी पितो ते सॉसच्या चवीचे.

गॅस वाचवण्याची आणखी एक पद्धत २०२२ साली युरोपात इंधन महागले तेव्हा चर्चेत आली. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या जॉर्जो पारिसी यांनी पास्ता उकळत्या पाण्यात टाकल्यावर दोन मिनिटांनी आच बंद करून झाकण ठेवावे असे सुचवले, आणि इटलीतले काही शेफ त्यावर नाराज झाले. पद्धत चालते, कारण स्टार्च शिजायला खळखळती उकळी लागत नाही, ८० अंशांचे पाणीही पुरते. पण पाणी किती वेगाने निवेल हे पातेल्यावर आणि झाकणावर अवलंबून असल्यामुळे नवशिक्याला नेमका क्षण पकडणे अवघड जाते. हात बसल्यावर करून पाहावी.

शेवटची दोन मिनिटे

सॉस पास्तासाठी थांबू शकतो. पास्ता सॉससाठी थांबू शकत नाही. म्हणून पास्ता पाण्यात पडण्याआधी सॉस तयार, किंवा निदान तयार होत आलेला असावा, आणि तो रुंद तोंडाच्या कढईत किंवा मोठ्या पॅनमध्ये असावा, जेणेकरून सगळा पास्ता त्यात मावून वर परतायला जागा उरेल.

पास्ता काढण्याच्या अर्धा मिनिट आधी मोठा कपभर पाणी बाजूला काढून ठेवावे. हे वाक्य वाचायला सोपे आणि विसरायला त्याहून सोपे आहे. चाळणीतून सगळे पाणी मोरीत ओतल्यानंतर मला ते कित्येकदा आठवले, म्हणून हल्ली मी रिकामा कप आधीच चाळणीत ठेवून देतो. कप उचलल्याशिवाय पास्ता गाळताच येत नाही. त्याहून चांगले म्हणजे चाळणी वापरूच नये. स्पॅगेटी चिमट्याने आणि आखूड पास्ता झाऱ्याने उचलून थेट कढईत टाकावा. अंगाला लागलेले पाणी बरोबर येते आणि पातेल्यातले सगळे पाणी हाताशी राहते.

कढईत पास्ता पडला की आच मध्यम-मोठी ठेवून त्यावर पळीभर, म्हणजे ७० ते ८० मिलिलिटर, पास्ताचे पाणी घालावे आणि सतत परतावे. पॅन हलके असेल तर मनगटाच्या झटक्याने पास्ता उसळवावा, नाहीतर चिमट्याने किंवा लाकडी उलथन्याने गोलाकार ढवळत राहावे. सुरुवातीला कढईत पाणी जास्त झाले असे वाटेल आणि घाबरायला होईल. मिनिटभरात ते पाणी काही आटते, काही पास्ता पितो, आणि जे उरते ते दुधाळ, दाटसर होऊन पास्ताला बिलगू लागते. गरज पडल्यास आणखी अर्धी पळी घालावी. दोघांच्या पास्ताला एकूण १०० ते १५० मिलिलिटर पाणी सहसा पुरते.

इथे जे घडते ते मराठी स्वयंपाकघराला अगदी परके नाही. ताकाच्या कढीला आपण बेसन लावतो ते केवळ दाटपणासाठी नव्हे; पीठ न लावता ताक उकळले तर ते फुटते, आणि पिठातले स्टार्च त्यातील प्रथिनांना एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्यापासून अडवते. पास्ताच्या पाण्यातील स्टार्च तेच काम करते. शिवाय ते पाण्याला दाट करते, त्यामुळे जोरात परतताना तेलाचे जे बारीक थेंब होतात ते पुन्हा एकत्र येऊन वर तरंगू शकत नाहीत. तेल आणि पाणी असे अडकून पडले की सॉसला मलईसारखी पोत येते, आणि ती साय किंवा क्रीमचा थेंबही न घालता येते.

या ठिकाणी आपल्या डोळ्यांनाही थोडे नवे शिकवावे लागते. मिसळीवर किंवा तांबड्या रश्श्यावर तरंगणारी तर्री पाहून आपल्या तोंडाला पाणी सुटते, आणि मसाल्याला तेल सुटले म्हणजे तो भाजला गेला ही आपली जुनी खूण आहे. पास्तात शेवटी सुटे तेल दिसले तर ते मिळून न आल्याचे लक्षण समजावे. तसे दिसल्यास दोन चमचे पाणी घालून आच किंचित कमी करावी आणि पुन्हा जोरात परतावे. बहुतेक वेळा तेल परत आत जाते. उलट सॉस पातळ राहिला असेल तर पाणी न घालता आणखी अर्धा मिनिट परतावे. बरोबर झाल्याची परीक्षा अशी की कढई तिरकी केली असता सॉस पास्ताच्या मागोमाग सावकाश सरकतो, एकटाच खाली धावत नाही. बशीत वाढताना तो हव्या त्यापेक्षा किंचित पातळ असावा, कारण टेबलापर्यंत जाईस्तोवर पास्ता आणखी थोडे पाणी पिऊन टाकतो.

पहिला सराव: लसूण, तेल, मिरची

शिकायला 'आल्यो ए ओल्यो' हा नेपल्सचा साधा पास्ता सगळ्यांत चांगला, कारण त्यात चूक लपवायला काहीच नसते. दोघांसाठी १८० ग्रॅम स्पॅगेटी, ४ टेबलचमचे ऑलिव्ह तेल, पातळ काप केलेल्या लसणाच्या ४ मोठ्या पाकळ्या, एक-दोन सुक्या लाल मिरच्या आणि मूठभर चिरलेली पार्सली एवढे साहित्य लागते.

पास्ता पाण्यात टाकून तीन-चार मिनिटे झाली की थंड तेलात लसूण घालून पॅन मंद आचेवर ठेवावे. फोडणीची सवय इथे आवरावी. कडकडीत तेलात लसूण तांबूस करायचा नाही. तो कडवट होतो आणि तो कडवटपणा सगळ्या पास्ताभर पसरतो. लसणाचे काप पारदर्शक होऊन त्यांची कड जेमतेम पिवळसर दिसू लागली की मोडलेली मिरची घालावी, दहा सेकंदांनी आच बंद करावी आणि तेल किंचित निवल्यावर पळीभर पास्ताचे पाणी घालावे. तेल जास्त तापलेले असेल तर पाणी अंगावर उडते, म्हणून ही घाई करू नये. पाणी पडले की लसूण आणखी भाजला जात नाही. मग आच पुन्हा वाढवून, शिजत आलेला स्पॅगेटी त्यात टाकून, वर सांगितल्याप्रमाणे दोन मिनिटे जोमाने परतावे. तळाशी तेलाचे डबके न राहता प्रत्येक तारेवर पातळ, चमकदार थर बसला की पार्सली घालून उतरवावे. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालता येईल, पदार्थ चांगलाही लागेल, पण मग तो आपला झाला, नेपल्सचा राहिला नाही. यात मूळचे चीज नाही.

पहिल्या वेळी तेल वेगळे राहिले तर निराश होऊ नये. बहुधा पाणी कमी पडलेले असते किंवा परतणे संथ झालेले असते.

दुसरा सराव: टोमॅटो

दोघांसाठी ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, ३ टेबलचमचे ऑलिव्ह तेल, लसणाच्या २ पाकळ्या आणि तुळशीच्या नात्यातल्या बेसिलची काही पाने. आपल्या पूजेची तुळस इथे चालत नाही, तिची चव लवंगेकडे झुकते आणि सॉसवर कुरघोडी करते. बाजारात मिळणारे बरेचसे टोमॅटो वाहतुकीत टिकावेत म्हणून जाड सालीचे आणि आंबटसर असतात. ते अगदी लाल होईपर्यंत दोन-तीन दिवस फ्रिजबाहेर ठेवावेत, तळाशी फुलीचा छेद देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकावेत आणि साल काढून हाताने कुस्करावेत. चांगले टोमॅटो नसतील त्या महिन्यांत सोललेल्या टोमॅटोचा डबा सरळ वापरावा. त्यात कमीपणा मानू नये, खुद्द इटलीतही हिवाळ्यात हेच करतात.

तेलात ठेचलेला लसूण मंद परतून टोमॅटो आणि चिमूटभर मीठ घालावे आणि रुंद पॅनमध्ये मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटे आटू द्यावे. फार आंबट वाटल्यास अर्धा चमचा साखर चालेल. उलथन्याने तळ खरडल्यावर रेघ क्षणभर उघडी राहते एवढा दाटपणा आला की सॉस झाला. नवशिक्याचा सॉस बहुतेक वेळा यापेक्षा पातळ असतो, आणि मग पास्ताच्या पाण्याची पळी घालायला तो धजत नाही. म्हणून सॉस आधी मुद्दाम दाट करावा आणि पास्ताच्या पाण्याने सैल करावा. साध्या पाण्याची जागा स्टार्चच्या पाण्याला देणे, एवढाच या खटाटोपाचा अर्थ आहे. दोन मिनिटे एकत्र शिजल्यावर आच बंद करून चमचाभर कच्चे तेल, बेसिल आणि हवे असल्यास किसलेले पार्मिजानो चीज घालून शेवटचे परतावे.

शाकाहारी वाचकांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातील रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, बनवतात, आणि पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज कोकराच्या. पाकिटावरची हिरवी खूण पाहून वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचे कठीण चीज घ्यावे. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा तेलात खमंग परतलेला पावाचा चुरा पास्तावर भुरभुरत, आणि तो आजही हौसेने खाल्ला जातो. शिळ्या पावाचा असा चुरा लसणाच्या पास्तावर मला चीजपेक्षा जास्त आवडतो.

तिसरा सराव, हात बसल्यावर: चीज आणि मिरी

रोमचा 'काचो ए पेपे' म्हणजे पेकोरिनो चीज, काळी मिरी आणि पास्ताचे पाणी. साहित्य तीन, पण अनुभवी माणसाच्याही हातून तो फसतो. गरम पाण्यात चीज पडले की साधारण ६५ अंशांच्या पुढे त्यातील प्रथिने गोळा होतात आणि सॉसऐवजी रबरी लडी तयार होते. २०२५ साली इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात याचा अभ्यास मांडला. चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गुठळ्या होतात आणि २ ते ३ टक्के असेल तर सॉस स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. पास्ताच्या पाण्यात नेमके किती स्टार्च उतरले आहे हे आपल्याला दिसत नसल्याने, ते बाहेरून मोजून घालणे हा खात्रीचा मार्ग आहे.

दोघांसाठी १०० ग्रॅम पेकोरिनो किसणीच्या सर्वांत बारीक बाजूने किसावे. सपाट चहाचा चमचाभर कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी पाण्यात कालवून खळीसारखा दाट होईपर्यंत शिजवावा, दोन-तीन चमचे गार पाणी घालून कोमट करावा आणि त्यात चीज फेटून गुळगुळीत मिश्रण करावे. दीड चमचा मिरी कोरडी भाजून जाडसर कुटावी, पळीभर पास्ताच्या पाण्याबरोबर पॅनमध्ये उकळावी आणि त्यात १८० ग्रॅम स्पॅगेटी परतावा. यावेळी पास्ता पातेल्यात पूर्ण शिजवून घ्यावा, कारण पुढे आच नाही. आच बंद करून, पॅन खाली उतरवून, मिनिटभर थांबावे आणि मगच चीजचे मिश्रण घालून ढवळावे. चीज स्वतःच खारट असल्यामुळे पातेल्यातले मीठ लिटरला ७ ग्रॅमपर्यंत कमी करावे.

कोणत्या आकाराला कोणता सॉस

याविषयी इटलीत पिढ्यान्पिढ्या वाद आहेत. सुरुवातीला एवढेच पुरे. लांब, बारीक पास्ता तेलाच्या आणि पातळ टोमॅटोच्या सॉसला चांगला, कारण भाज्यांचे तुकडे तारांवरून घसरून बशीच्या तळाशी जमतात. तुकडे असलेल्या सॉसला रेघांचा, पोकळ पास्ता घ्यावा, जसे पेन्ने किंवा रिगातोनी. पुल्या प्रांतातले 'ओरेक्येत्ते', म्हणजे छोटे कान, वाटीसारखे असतात आणि पालेभाजी त्यांत बरोबर बसते. मांसाचा दाट सॉस बोलोन्यात अंड्याच्या रुंद 'ताल्यातेल्ले'वर वाढतात, स्पॅगेटीवर नव्हे. ही रुंदी त्या शहराने इतकी मनावर घेतली आहे की १९७२ साली तिथल्या व्यापारी मंडळाकडे शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर अशी अधिकृतपणे नोंदवली गेली. ताजा अंड्याचा पास्ता दोन ते चार मिनिटांतच शिजतो, त्यामुळे त्याच्याजवळून हलू नये.

वाढताना आणि उरल्यावर

बश्या गरम पाण्याने विसळून पुसून घ्याव्यात. थंड काचेवर सॉस लगेच आळतो. बाजूला काढलेले पाणी जेवण संपेपर्यंत टाकू नये, कारण दुसऱ्यांदा वाढताना पास्ता कोरडा झाला असेल तर दोन चमचे गरम पाण्याने तो पुन्हा सैल होतो. उरलेला पास्ता त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पॅनमध्ये पाव वाटी पाण्याबरोबर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करावा. तो पहिल्यासारखा दाताला लागणार नाही. त्यापेक्षा जाड बुडाच्या तव्यावर थोड्या तेलात पसरून, न हलवता, खालची बाजू कुरकुरीत होऊ द्यावी. भाताच्या खरपुडीवर जीव असणाऱ्यांना ताज्या पास्ताची आठवणही राहणार नाही.